७.५५ म्हणजे किती टक्के?

एका मुलीच्या एका सत्राचा निकाल आहे ७.५५. त्याला दहाने गुणलं तर ७५.५ टक्के होतात. साडेनवाने गुणलं तर ७१.७. आधी ०.७५ वजा करून मग दहाने गुणलं तर ६८. आणि गुणपत्रकातले मूळ गुण विषयांच्या वजनासह मोजले तर ७०.७३. मुलगी एकच, उत्तरपत्रिका त्याच, टक्के मात्र चार. सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा आकडा यांत साडेसात टक्क्यांचं अंतर आहे.

साडेसात टक्क्यांत पुष्कळ काही येतं-जातं. सहायक प्राध्यापक होण्यासाठीच्या नेट परीक्षेला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती आणि नॉन-क्रीमीलेअर ओबीसी उमेदवारांना ५०. काही नोकऱ्यांच्या जाहिरातींत ६० ची अट असते. बँकांच्या भरतीत आयबीपीएसचा नियम तर स्पष्ट छापलेला असतो: ५९.९९ टक्के म्हणजे ६० पेक्षा कमी, ५४.९९ म्हणजे ५५ पेक्षा कमी. जिथे शंभराव्या भागाची सूट नाही, तिथे साडेसात टक्क्यांचा घोळ घेऊन अर्ज भरायला बसणं धोक्याचं आहे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांची महाविद्यालयं ज्या विद्यापीठाच्या छत्राखाली येतात, ते उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला सुरू झालं. त्याआधी खान्देशातल्या पदव्या पुणे विद्यापीठाच्या असत. २०१८ मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. पुणे विद्यापीठाच्या काळात शिकलेल्या पिढीला निकालाची भाषा पक्की ठाऊक होती: ३५ ला पास, ६० ला फर्स्ट क्लास, त्यापुढे डिस्टिंक्शन. आजही गावी गेलेल्या मुलाला ओट्यावर पहिला प्रश्न येतो तो ‘कितला टक्का पडनात?’ हाच. आणि मुलाच्या हातात असतो दहाच्या मोजपट्टीवरचा पॉइंटर. ७.५५ म्हणजे पंचाहत्तर टक्के असं तो सांगून टाकतो, कारण तेच सोपं असतं, आणि घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात गेलेलं असेल तर ते तपासणारंही कुणी नसतं. ओट्यावर हे चालून जातं. अर्जात चालत नाही.

म्हणून आधी हा ७.५५ आला कुठून ते पाहू. हिशोब चौथी-पाचवीतल्या मुलालाही जमेल असा आहे; गुणाकार, बेरीज आणि शेवटी एक भागाकार.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये निवडाधारित श्रेयांक पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांत दहाची मोजपट्टी आहे: ओ म्हणजे १०, ए-प्लस ९, ए ८, बी-प्लस ७, बी ६, सी ५, पी ४, आणि एफ किंवा गैरहजर असल्यास शून्य. किती गुणांना कोणती श्रेणी द्यायची, हे ठरवण्याची मोकळीक विद्यापीठांना आहे. इथे उदाहरणासाठी एक तक्ता धरतो: ९० किंवा त्याहून जास्त गुणांना ओ, ८० ते ८९ ए-प्लस, ७० ते ७९ ए, ६० ते ६९ बी-प्लस, ५५ ते ५९ बी, ५० ते ५४ सी, ४० ते ४९ पी, त्याखाली एफ. तुमच्या अभ्यासक्रमाचा तक्ता वेगळा असू शकतो. तो आधी मिळवा, मगच पुढचं गणित स्वतःच्या गुणांवर करा.

दुसरी गोष्ट क्रेडिट, म्हणजे श्रेयांक. एक तात्त्विक क्रेडिट म्हणजे सत्रात साधारण १५ तासांचं अध्यापन. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे वर्गातले ६० तास, दोन क्रेडिटचा ३०. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या रचनेत एका सत्रात २० ते २२ क्रेडिट असतात. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडायचं तर ४० ते ४४ क्रेडिटवर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर ८० ते ८८ वर पदविका.

आता बी.एस्सी.च्या पहिल्या सत्राचं हे एक नमुना गुणपत्रक, एकूण २२ क्रेडिटचं.

रसायनशास्त्र: ४ क्रेडिट, ६८ गुण, श्रेणीचा गुणांक ७, गुणाकार २८
भौतिकशास्त्र: ४ क्रेडिट, ७१ गुण, गुणांक ८, गुणाकार ३२
गणित: ४ क्रेडिट, ५४ गुण, गुणांक ५, गुणाकार २०
खुला ऐच्छिक विषय: २ क्रेडिट, ८२ गुण, गुणांक ९, गुणाकार १८
कौशल्य विषय: २ क्रेडिट, ७७ गुण, गुणांक ८, गुणाकार १६
मराठी: २ क्रेडिट, ६३ गुण, गुणांक ७, गुणाकार १४
भारतीय ज्ञान प्रणाली: २ क्रेडिट, ८० गुण, गुणांक ९, गुणाकार १८
सहअभ्यासक्रम: २ क्रेडिट, ९० गुण, गुणांक १०, गुणाकार २०

गुणाकारांची बेरीज १६६. भागिले २२. उत्तर ७.५४५, दोन दशांश स्थळांपर्यंत ७.५५. हा झाला एसजीपीए, म्हणजे त्या एका सत्राची सरासरी.

इथे पहिली चूक होते ती क्रेडिट विसरण्याची. आठ गुणांक नुसते मिळवले तर ६३ येतात, आठने भागले तर ७.८८. मुलं हाच आकडा मनात धरतात आणि निकालात ७.५५ दिसला की विद्यापीठाने गुण कापल्यासारखं त्यांना वाटतं. कुणीही काही कापलेलं नसतं. या मुलीला जे विषय जड गेले ते चार क्रेडिटचे आहेत आणि जे सोपे गेले ते दोनचे. गणितातला ५ दुप्पट वजनाने मोजला गेला, सहअभ्यासक्रमातला १० एकपट. नव्या रचनेत दोन-दोन क्रेडिटचे छोटे विषय पुष्कळ आले आहेत, त्यांत गुणही बरे पडतात, आणि त्यामुळे निकाल आहे त्यापेक्षा चांगला भासतो. मुख्य विषयात मागे पडलेल्या मुलाला ते उशिरा कळतं. वजन ध्यानात घेतलं तर पहिल्याच सत्रात कळेल.

आता या गुणपत्रकातल्या कडा पाहा. गणितात ५४ आहेत. ५५ असते तर श्रेणी सी ऐवजी बी झाली असती, गुणांक ५ चा ६, गुणाकार २० चा २४, बेरीज १७० आणि एसजीपीए ७.७३. एका गुणाने ०.१८ वाढ. रसायनशास्त्रात ६८ आहेत. दोन गुण जास्त मिळून ७० झाले असते तर आणखी ४ ची भर. दोन्ही मिळून तीन गुण, आणि निकाल ७.५५ ऐवजी ७.९१. याउलट त्याच रसायनशास्त्रात ६८ ऐवजी ६० पडले असते तरी गुणांक ७ च राहिला असता. आठ गुण गेले असते आणि निकालात त्याची खूणही उमटली नसती. सहअभ्यासक्रमात ९० ऐवजी शंभर मिळवले तरी भर शून्य. भारतीय ज्ञान प्रणालीत मात्र ८० चे ७९ झाले तर दोन कमी होऊन ७.४५.

श्रेणी पद्धत आणण्यामागचा विचार योग्य आहे. ६७ आणि ६८ मिळवणाऱ्या दोन मुलांच्या अभ्यासात खरोखर फरक असतो असं कुठलाही प्रामाणिक परीक्षक म्हणणार नाही. म्हणून त्यांना एकाच श्रेणीत बसवायचं. पण मग त्याच श्रेणींची सरासरी काढताना आपण दोन दशांश स्थळं परत आणतो, आणि लोकांना वाटतं हा आकडा फार बारीक मोजलेला आहे. तो तसा नाही. वरच्या उदाहरणात सगळे विषय २ किंवा ४ क्रेडिटचे आहेत, म्हणून गुणाकारांची बेरीज कायम सम संख्या येणार: १६६ नंतर १६८. म्हणजे ७.५५ नंतरचा पुढचा संभाव्य निकाल ७.६४. त्या सत्रात ७.५६ पासून ७.६३ पर्यंतचा कुठलाही आकडा कुणालाही मिळूच शकत नाही. एका सत्राच्या ७.५५ आणि ७.६४ मधला फरक म्हणजे एका छोट्या विषयात एक श्रेणी. गुणवत्ता यादी लावताना, बक्षिसं देताना हे ध्यानात ठेवायला हवं, असं मला कळकळीने वाटतं.

कडांचा हिशोब परीक्षेच्या आधी करता येतो, आणि तिथेच त्याचा खरा उपयोग आहे. समजा एका पेपरला अंतर्गत मूल्यमापन ४० चं आणि विद्यापीठाची लेखी परीक्षा ६० ची. अंतर्गत गुण सत्र संपताना कळलेले असतात. २६ मिळाले असतील तर ५५ गाठायला लेखीत २९ लागतील, ६० गाठायला ३४, ७० ला ४४. लेखीत स्वतंत्र उत्तीर्ण होण्याची अट असेल तर ती वेगळी बघायची. अशी सगळ्या पेपरांची ओळ वहीच्या शेवटच्या पानावर लिहून काढली की कुठल्या पेपरला उरलेले आठ दिवस द्यायचे याचं उत्तर त्या ओळीतच मिळतं. चार क्रेडिटचा आणि कडेच्या दोन-तीन गुण खाली असलेला पेपर सगळ्यांत आधी.

पुढची सगळ्यांत मोठी गाठ टक्क्यांची.

दहाने गुणणं का चुकतं? वरच्या तक्त्यात ए श्रेणी ७० ते ७९ गुणांना आहे आणि तिचा गुणांक ८. एखाद्याला सगळ्या विषयांत ए मिळाला, तर त्याचा पॉइंटर ८.००. दहाने गुणलं तर ८० टक्के. पण सगळ्या विषयांत ए असलेल्या मुलाला एकाही विषयात ८० पडलेले नाहीत. पडले असते तर ती श्रेणी ए-प्लस झाली असती. म्हणजे दहाचा गुणाकार त्याला असे टक्के देतो, जे त्याला कुठल्याही परिस्थितीत मिळणं शक्य नव्हतं. ७० ते ८० च्या पट्ट्याचा मध्य ७५ आहे. म्हणून गुणाकार करण्याआधी काहीतरी वजा करणं आलं.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यात हीच वजाबाकी आहे, जरा कडक: ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.२५ म्हणजे ६५, ७.७५ म्हणजे ७०, ८.२५ म्हणजे ७५. प्रत्येक वेळी ०.७५ वजा आणि मग दहाने गुणाकार. ७.५५ चे ६८ आले ते इथून.

आणि साडेनऊ? तो दहावीचा आहे, तोही सीबीएसईचा. सीबीएसईने दहावीला श्रेणी पद्धत लावली तेव्हा ९१ ते १०० च्या गटातल्या मुलांची मागच्या काही वर्षांची सरासरी ९५ च्या आसपास होती. तिला दहाने भागून ९.५ हा गुणक काढला. ती पद्धत २०१७ नंतर दहावीतून गेली. पण इंटरनेटवर हा गुणक इतका पसरला आहे की बी.ए., बी.कॉम.ची मुलं बिनदिक्कत तो वापरतात. सीबीएसईच्या दहावीच्या मुलांवरून काढलेल्या आकड्याचा चोपडा किंवा साक्रीतल्या पदवीच्या निकालाशी काही संबंध नाही.

काही ठिकाणी ६८ गुणांना थेट ६.८ असा गुणांक देतात. तिथे पट्टाच नाही, त्यामुळे दहाने गुणलं की मूळ टक्के जसेच्या तसे परत येतात आणि ते बरोबर असतात. म्हणजे दहाचा गुणाकार कुठे चूक, कुठे अचूक, हे तक्ता कसा आहे त्यावर ठरतं. मैत्रिणीने कुठला गुणक वापरला, याने ते ठरत नाही.

त्याहून खोल अडचण अशी, की पट्ट्यांच्या पद्धतीत पॉइंटरवरून टक्के खात्रीने परत मिळवताच येत नाहीत. तीन मुलं घ्या. एकाला सगळ्या विषयांत ७०. दुसऱ्याला सगळ्यांत ७९. तिसऱ्याला सारख्याच क्रेडिटच्या निम्म्या विषयांत ६० आणि निम्म्यांत ८०. तिघांचाही पॉइंटर ८.००. खरे टक्के ७०, ७९ आणि ७०. कुठलंही सूत्र तिघांना एकच आकडा देईल, आणि तो एखाद्यावर तरी अन्यायच करील. म्हणून गुणपत्रकावर श्रेणीबरोबर मूळ गुणही छापलेले असतील तर ते गुणपत्रक जपून ठेवावं, प्रत्येक सत्राचं.

अर्जात काय लिहायचं? बँकांच्या जाहिरातींत याचं उत्तर दिलेलं असतं. विद्यापीठ सीजीपीए, म्हणजे सगळ्या सत्रांची मिळून सरासरी, देत असेल तर उमेदवाराने त्याचे टक्के करून अर्जात भरायचे, आणि मुलाखतीच्या वेळी विद्यापीठाचा रूपांतराचा नियम काय आणि त्यानुसार टक्के किती, याचं सक्षम अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र दाखवायचं. म्हणजे गुणक आपण निवडायचा नसतो. विद्यापीठाचा, किंवा स्वायत्त महाविद्यालय असेल तर त्याच्या परीक्षा विभागाचा नियम चालतो. अर्जात ७५.५ भरले आणि प्रमाणपत्रावर ६८ आले, तर निवड झालेली असतानाही माणूस बाद होऊ शकतो. हे प्रमाणपत्र मुलाखतीचं पत्र आल्यावर काढायला धावू नये. धुळ्याहून विद्यापीठाचं उमविनगर साधारण नव्वद किलोमीटर आहे, अक्कलकुवा-धडगावच्या मुलांना तर जाऊन येण्यात पुरता दिवस मोडतो, शिवाय रोज बुडतो. पदवीचा अंतिम निकाल लागला की त्याच महिन्यात ते मागून घ्यावं. माझं मत विचाराल तर प्रत्येक अंतिम गुणपत्रकाच्या पाठीमागे रूपांतराचं सूत्र आणि त्या विद्यार्थ्याचे टक्के छापलेच पाहिजेत. दोन ओळींची छपाई आहे. ती नसेल तर सगळा भार अशा मुलावर पडतो ज्याच्याकडे ना वेळ असतो ना विचारायला माणूस.

खान्देशात या गोंधळाला आणखी एक पदर आहे: इथे एकाच घरात तीन मोजपट्ट्या नांदू शकतात. धुळ्यात देवपुरातल्या एखाद्या घरातली मोठी मुलगी बी.एस्सी.ला, तिचा निकाल पॉइंटरमध्ये. मधला पॉलिटेक्निकला, त्याचा निकाल तंत्रशिक्षण मंडळाकडून टक्क्यांत. धाकटी शिरपूरला अभियांत्रिकीला, तिथलं आर. सी. पटेल तंत्रशास्त्र संस्थेचं महाविद्यालय लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडलेलं. लोणेरे विद्यापीठाच्या श्रेणी तक्त्यात टप्पे पाच-पाच गुणांचे आहेत: ८६ ते ९० ला ९, ८१ ते ८५ ला ८.५, ७६ ते ८० ला ८, ७१ ते ७५ ला ७.५, ६६ ते ७० ला ७, ६१ ते ६५ ला ६.५, ५१ ते ५५ ला ५.५. आपल्या नमुना गुणपत्रकातले तेच आठ गुण या तक्त्यात घालून पाहा. रसायनशास्त्र २८, भौतिकशास्त्र ३०, गणित २२, आणि पुढचे पाच विषय १७, १६, १३, १६, १८. बेरीज १६०. भागिले २२, उत्तर ७.२७.

एकाही गुणाचा फरक नाही, आणि ७.५५ चा ७.२७ झाला. बहिणी-बहिणींची, चुलतभावांची तुलना पॉइंटरवरून करणारे काका-मामा खूप आहेत. वेगळ्या तक्त्यांवर मोजलेले दोन आकडे शेजारी ठेवून कोण हुशार हे ठरवणं बंद व्हायला हवं. टप्पे लहान असण्याचा एक फायदाही इथे दिसतो: गणितातल्या ५४ चे ५५ झाले तर या तक्त्यात काहीच हलत नाही, आणि ५६ झाले तरी वाढ अर्ध्याच गुणांकाची. एका गुणावर एवढं काही अवलंबून राहत नाही. मला ही पद्धत विद्यार्थ्यासाठी अधिक न्याय्य वाटते.

सत्रांची सरासरी मिळून पदवीचा सीजीपीए होतो. इथेही क्रेडिटचं वजन धरायचं. आयोगाच्या २०१५ च्या तत्त्वांत दिलेलं उदाहरणच घेऊ. सहा सत्रांचे क्रेडिट २०, २२, २५, २६, २६, २५ आणि एसजीपीए ६.९, ७.८, ५.६, ६.०, ६.३, ८.०. प्रत्येक सत्राचा गुणाकार करून बेरीज केली की ९६९.४; भागिले एकूण १४४ क्रेडिट; उत्तर ६.७३. सहा आकड्यांची साधी सरासरी ६.७७ आली असती. फरक ०.०४ चा. सगळ्या सत्रांना २२-२२ क्रेडिट असतील तर दोन्ही रीती एकच उत्तर देतात, आणि बहुतेक मुलांचं साध्या सरासरीने भागतं. एखाद्या सत्रात प्रकल्प किंवा कार्यप्रशिक्षणामुळे क्रेडिट बदलले, की मग वजनाशिवाय इलाज नाही.

बॅक राहिली तर? आपल्या पहिल्या उदाहरणातली मुलगी गणितात नापास असती तर गुणांक शून्य, बेरीज १४६ आणि सरासरी ६.६४. चार क्रेडिटही जमा होत नाहीत. पुढच्या परीक्षेत ४० गुणांनी पेपर सुटला तर गुणांक ४, बेरीज १६२, सरासरी ७.३६. म्हणजे आधी ६.६४ दिसल्यावर सगळं संपलं असं वाटतं, पण नुसता पेपर सोडवला तरी त्यातलं ०.७२ परत येतं. एटीकेटी घेऊन पुढच्या वर्षाला गेलेल्या मुलांना हा आकडा कुणीतरी वेळेत सांगायला हवा. त्यांच्यातले कितीतरी जण एका बॅकच्या धास्तीने कॉलेज सोडून कंपनीत लागतात. कॉलेज सोडावंच लागलं तरी कमावलेले क्रेडिट वाया जात नाहीत. जुलै २०२१ च्या नियमांनी सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक पेढीत ते विद्यार्थ्याच्या नावे जमा राहतात, जास्तीत जास्त सात वर्षं. परत येऊन पुढे शिकता येतं.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडं. अमेरिकेच्या चारच्या मोजपट्टीसाठी ७.५५ ला दहाने भागून चारने गुणू नये. अनेक विद्यापीठं मूळ मोजपट्टीवरचाच आकडा मागतात आणि रूपांतर स्वतः करतात. जर्मनीत १ सर्वोत्तम आणि ४ काठावर उत्तीर्ण. तिथे वापरात असलेलं सूत्र असं: कमाल गुणांकातून आपला गुणांक वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांकातल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. कमाल १०, किमान ४ धरले तर ७.५५ साठी २.४५ भागिले ६ गुणिले ३ अधिक १, म्हणजे २.२. किमान ५ धरला तर तोच निकाल २.५ च्या जवळ जातो. आपल्या विद्यापीठाचा किमान उत्तीर्ण गुणांक नेमका किती, हे कागदावर असणं इथेही कामी येतं.

शेवटी तो प्रश्न, जो तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर प्रत्येक वर्गात ऐकू येतो: ‘आता किती पाडले म्हणजे सात होतील?’ समजा, चार सत्रं झाली, ८८ क्रेडिट, सीजीपीए ६.४०. म्हणजे हातात ५६३.२. पदवीला १३२ क्रेडिट. ६.७५ हवे असतील तर एकूण ८९१ लागतील, उरले ३२७.८, राहिलेल्या ४४ क्रेडिटने भागले तर ७.४५. दोन्ही सत्रांत एवढी सरासरी ठेवली की झालं. ७.०० साठी ९२४ लागतात, म्हणजे दोन्ही सत्रांत ८.२०. मेहनतीने होण्यासारखं. ७.५० साठी मात्र ९.७० लागतील, जवळजवळ सगळीकडे ओ. सहा चाळीसवर असलेल्या मुलाला ‘मन लावलंस तर साडेसात होईल’ असं सांगणाऱ्या शिक्षकाने आधी ही भागाकाराची ओळ करून पाहावी.

सीजीपीए ०.१ ने वाढवायला या पदवीत १३.२ ची भर लागते. पाच सत्रं उरली असतील तर त्यासाठी प्रत्येक सत्रात ०.१२ पुरे. दोन उरली असतील तर ०.३. एकच उरलं असेल तर ०.६. आणि १३.२ भरून काढायला चार क्रेडिटच्या चार पेपरांत एकेक श्रेणी वर जायला हवं. पहिल्या सत्राचा निकाल लागला त्याच आठवड्यात हा हिशोब केला तर ते चार पेपर निवडायला पाच सत्रं मिळतात; पाचव्याच्या निकालानंतर केला तर ते चारही एकाच सत्रात शोधावे लागतात.